रबरबँड आणि स्वयंचलित क्लच

डाव्या मनगटाच्या दुखण्याला कंटाळून मी माझ्या डर्ट बाइकला स्वयंचलित क्लच बसवला; इंजिनाचा वेग वाढला की त्याच्या चकतीतील वजने बाहेर सरकतात, चकती जाड होते आणि प्लेटा आपोआप पकडल्या जातात. प्लेटा तेलात भिजवून बसवणे सोपे. खरी परीक्षा केबलच्या ताणाची. इंजिन गरम करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडलवरच्या क्लच लिव्हरला रबरबँड अडकवला आणि रेस दिली; लिव्हर थोडा आत ओढला जायला हवा होता, पण तो जागचा हलेना. केबल फार ताणलेली होती. तशीच चालवली असती, तर क्लच घसरून प्लेटा जळाल्या असत्या. केबलचा ताण ठरवणारा स्क्रू पाव-पाव आटा सैल करत गेलो, तेव्हा कुठे लिव्हरचे टोक सुमारे ३ मिलिमीटर आत आले. अतिसैल केबलही नको, कारण मग गिअर टाकताच गाडी स्वतःहून पुढे ओढते.