जन्मठेपेच्या कैद्याची मुदतपूर्व सुटका: फाइल कुठे अडते

'चौदा वर्षं भरली की माणूस सुटतो' या समजावर कित्येक घरं आशा लावून बसतात. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. चौदा वर्षांनंतर सरकारने सुटकेचा विचार करावा एवढाच हक्क आहे, पण तो विचार रीतसर झाला पाहिजे.

खुनासारख्या, म्हणजे फाशीही होऊ शकत होती अशा गुन्ह्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढावी लागतात. हे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम ४३३अ, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं ४७५. कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस त्यात धरतात, माफीचे, म्हणजे शिक्षेत सूट म्हणून मिळालेले, धरत नाहीत. गोव्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये पॅरोलचे दिवसही वगळले.

मग धोरण बघा. महाराष्ट्रात १९९२, २००८ आणि २०१० असे वेगवेगळे शासन निर्णय आहेत. शिक्षा झाली त्या तारखेचं धोरण लागतं; नंतरचं अधिक सवलतीचं असेल तर त्याचा फायदा मागता येतो. खटला ज्या राज्यात चालला तेच सरकार निर्णय घेतं. बिल्किस बानो प्रकरणात खटला मुंबईत चालला होता, म्हणून गुजरात सरकारचा सुटकेचा आदेश जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाला.

खरी गोची होते ती सरकार सुटकेबद्दल मागवतं त्या सत्र न्यायाधीशांच्या मतात. 'गुन्हा गंभीर, सबब सुटका नको' एवढ्या एका ओळीवर प्रस्ताव फेटाळले जातात. गंभीर तर तो असणारच, त्याशिवाय जन्मठेप झाली असती का? पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता किती, गुन्ह्याचा समाजावर परिणाम काय, आणखी आत ठेवून काय साधणार, कुटुंबाची स्थिती काय, यांवर मत कारणांसह हवं. तसं नसेल तर ते पुन्हा मागवावं, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये छत्तीसगडच्या प्रकरणात सांगितलं.

सुप्रीम कोर्टाच्या फेब्रुवारी २०२५ च्या आदेशानुसार, राज्याचं धोरण असेल तर पात्र कैद्याने अर्ज केला नाही तरी त्याचा विचार करणं सरकारवर बंधनकारक आहे. नकाराची कारणं थोडक्यात लिहून कैद्याला कळवायची, आणि आव्हान देता येतं हेही सांगायचं. सुटकेनंतर अट मोडल्याचा ठपका आला, तरी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय सुटका रद्द होत नाही.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. नकाराला आव्हान दिलं तर हायकोर्ट सहसा थेट सोडत नाही, फेरविचाराला पाठवतं. म्हणून याचिकेतच त्या फेरविचाराला ठरावीक मुदत मागून घ्या.