सुट्ट्या वस्तू नसलेली खोली

टीव्हीचा रिमोट पलंगाशेजारच्या टेबलाला स्क्रूने आवळून बसवलेला असेल, तर मोटेलच्या त्या खोलीबद्दल आणखी चौकशी करायची गरज उरत नाही. टेबल भिंतीला पक्कं, रिमोट टेबलाला पक्का आणि दोघांनी मिळून तोंड केलेलं कपाटाकडे. टीव्ही भलत्याच बाजूला. बटणं दाबून काही होईना, तेव्हा नवऱ्याने टेबलावरची लॅमिनेट केलेली सूचना उचलली, रिमोटपुढे तिरकी धरली आणि टीव्ही लागला. रिमोटमधून निघतो तो अवरक्त प्रकाश आपल्याला दिसत नसला तरी प्रकाशच. गुळगुळीत पृष्ठभागावर आपटला की वळतो. सूचनेत लिहिलं होतं, 'खोलीतील वस्तू नेल्यास पोलिसांत तक्रार केली जाईल.' त्या कागदाचा याहून चांगला उपयोग आजवर कुणी केला नसेल.

हळूहळू लक्षात आलं, की त्या खोलीत सुटे असे आम्ही दोघंच होतो. टेबललॅम्प पक्का. कपाटातल्या हँगरना आकडाच नाही. दांडीवर कायमच्या अडकवलेल्या कड्या, त्यांत खोचायचे मुंडे हँगर, म्हणजे ढापून नेले तरी घरी काडीचा उपयोग नाही. भिंतीवर शिडाच्या होडीचं एक चित्र होतं, तेही चारही कोपऱ्यांत स्क्रू मारून. होडी निळी, समुद्र त्याहून निळा, आकाशाला मधेच पिवळा डाग, तो सूर्य की ओल ते कळत नव्हतं. चोर कितीही गरजू असला तरी त्याला काही आवडनिवड असतेच की!

आणि पाट्या. अशा स्वस्तातल्या मोटेलमध्ये पाट्या वाचायला मला फार आवडतं, कारण हौसेने पाटी कुणी लावत नाही. आधी काहीतरी घडतं, मग पाटी लागते. 'टॉवेलने बूट पुसू नयेत.' 'टबमध्ये मासे साफ करू नयेत.' 'मायक्रोवेव्हमध्ये मोजे वाळवू नयेत.' यातला मोजेवाला मला मनापासून भेटावासा वाटला. बाहेर पाऊस, सकाळी लवकर निघायचं, मोज्यांचा दुसरा जोड नाही, आणि हा माणूस अनवाणी उभा राहून काचेच्या थाळीवर गरगर फिरणाऱ्या आपल्या मोज्यांकडे बघतोय. पुढे काय झालं ते पाटीत लिहिलेलं नाही, पण मायक्रोवेव्हच्या आतल्या बाजूला एक तपकिरी पट्टा होता. एकूण काय, आपल्याआधी येऊन गेलेल्यांची सगळी पापं आपल्या नावावर मांडलेली असतात, आणि आपण अजून बॅगही उघडलेली नसते.

मोटेलवाल्याची बाजू नाही असं नाही. हा धंदाच मुळी अनोळखी माणसांचा. अमेरिकेत 1925 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो गावात आर्थर हाइनमन या वास्तुरचनाकाराने पहिलं मोटेल काढलं, ते लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या साधारण मधोमध. तेव्हाच्या गाड्या, तेव्हाचे रस्ते, एका दिवसात एवढा पल्ला गाठणं अवघड. कल्पना साधी होती : गाडी थेट खोलीच्या दाराशी लावायची. मधे भव्य दालन नाही, सामान उचलणारा नाही, त्याला काय द्यायचं हा संकोच नाही, धुळीने माखलेल्या कपड्यांकडे बघणारं कुणी नाही. थकलेल्या प्रवाशाला हे किती सुखाचं वाटलं असेल! पण तुम्हाला कुणी बघत नाही, याचाच दुसरा अर्थ तुम्ही जाताना काय घेऊन चाललात हेही कुणी बघत नाही. मग स्क्रू आले.

त्यातून रस्त्याकडेच्या मोटेलला पाहुणा परत येण्याची आशा फारशी नसतेच. 1956 च्या कायद्यानंतर अमेरिकेत मोठमोठे महामार्ग झाले, जुने रस्ते बाजूला पडले आणि त्यांच्या कडेची कितीतरी मोटेलं नुसती बसून राहिली. गिऱ्हाईक आटलं की पहिली कात्री डागडुजीला लागते. रंग पुढच्या वर्षी देऊ, गादी आणखी एक हंगाम काढेल, गळका नळ आजच कुठे बुडवतोय. पुढच्या वर्षी हेच. जगभरातल्या कुठल्याही कळकट मोटेलचा इतिहास याहून फार वेगळा निघणार नाही. त्यात दुष्टावा नसतो, नुसतं पुढे ढकलणं असतं.

बुकिंग करताना पाहिलेले फोटो खोटे होते असंही मला म्हणता येत नाही, हे जास्त वाईट. फोटोग्राफर कोपऱ्याच्या भिंतीला पाठ चिकटवून उभा राहिला असणार, हातात वाइड अँगल लेन्स. तिच्यातून जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं आणखी लांब जातं, त्यामुळे पलंगापुढे नाचायला जागा आहे असं वाटतं. प्रत्यक्षात पलंग आणि भिंत यांच्यामधून आडवं होऊन जावं लागत होतं. तरणतलावही होता. पाणी नव्हतं.

वासाचा मात्र फोटो निघत नाही. दार उघडल्याबरोबर आला तो लिंबाचा, नाकात घुसणारा, कुणीतरी नुकताच भसाभसा फवारलेला. तो थोडा बसल्यावर खालून सिगारेट वर आली. दारावर 'धूम्रपान निषिद्ध'ची पाटी ठळक होती आणि ती कदाचित पाळलीही जात असेल. पण सिगारेटचा धूर विझल्याबरोबर निघून जात नाही. त्यातलं निकोटिन आणि इतर चिकट द्रव्यं भिंतींवर, पडद्यांवर, गालिच्यात बसतात आणि महिनोन्महिने हळूहळू हवेत परत येत राहतात. पडदे धुऊन भागत नाही; भिंती घासायला हव्यात, रंगवायला हव्यात, गालिचा उचलून टाकायला हवा. म्हणजे पुन्हा तो पुढच्या वर्षीचा खर्च. सिगारेटच्याही खाली तिसरा थर होता कुबट ओलीचा. तो खिडकीखालच्या एसीतून येत होता. थंड नळ्यांवर हवेतलं पाणी जमतं, त्यावर धूळ बसते आणि ओल्या धुळीत बुरशी सुखाने संसार थाटते. जाळी काढून धुवायची म्हटली तर काही मिनिटांचं काम. मी खिडकी उघडायला गेले. चार बोटं उघडली आणि अडकली. पुढे जाऊ नये म्हणून तिथे काय लावलं होतं, हे सांगायला नकोच.

"झोपायलाच तर आलोय," नवरा म्हणाला. हे वाक्य मला अजिबात पटत नाही. झोपायला आलोय म्हणूनच तर गादी, उशी, हवा आणि शांतता हव्यात. जेवायला आलो असतो तर ताट पाहिलं असतं.

एव्हाना खोली आमच्याकडे संशयाने बघते तसं आम्हीही तिच्याकडे बघायला लागलो होतो. मोबाइलचा टॉर्च लावून मी गादीचे चारही कोपरे उचलले. ढेकूण शोधायचा तर गादीच्या मधोमध बघून उपयोग नाही. तो सापडतो शिवणीत, गादीच्या काठाला जी गोल पट्टी शिवलेली असते तिच्या घडीत, किंवा पलंगाच्या उशाकडच्या फळीमागे. पूर्ण वाढलेला ढेकूण जेमतेम 5 मिलिमीटरचा आणि उपाशी असेल तर कागदासारखा चपटा, त्यामुळे तो स्वतः दिसेलच असं नाही. दिसतात ते शाईचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या रोखाने तो रात्री येतो आणि पोट भरलं की मुकाट्याने परत जातो. एका गोष्टीत त्याला मानलं पाहिजे : त्याला दर्जाशी देणंघेणं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने अनेक देशांतून तो जवळजवळ हद्दपार झाला होता, 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून पुन्हा आला आणि तेव्हापासून महागड्या हॉटेलांतही तितक्याच आवडीने राहतो. तो घाणीवर जगत नाही, रक्तावर जगतो, आणि प्रवास करतो आपल्या बॅगांतून.

ठिपके नव्हते. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, तरीही बॅगा पलंगावर ठेवल्या नाहीत; बाथरूममध्ये, कोरड्या टबात नेऊन उभ्या केल्या. पलंगपोस घडी करून लांब खुर्चीवर. त्यावरची तपकिरी-जांभळी गिचमीड नक्षी कुणाच्या सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही, डाग लपावेत म्हणून निवडलेली आहे, आणि एकदा हे कळलं की त्या नक्षीत डागच दिसायला लागतात.

बाथरूममध्ये कमोडवर कागदाची आडवी पट्टी होती, 'निर्जंतुक केलेले' असं छापलेली. ती काढताना फीत कापून उद्घाटन केल्यासारखं वाटलं, टाळ्यांची तेवढी उणीव. शॉवरच्या चकतीवरच्या लाल-निळ्या खुणा पुसून गेल्या होत्या. कढत आणि गारढोण यांच्यामध्ये केसाएवढी एक जागा होती, तिथे पाणी बरं यायचं. ती मोठ्या कष्टाने सापडली आणि तेवढ्यात शेजारच्या खोलीत कुणीतरी फ्लश ओढला. जुन्या नळजोडणीत असं झालं की गार पाण्याचा जोर तिकडे पळतो आणि आपल्या पाठीवर नुसतं गरम उरतं.

पण त्याच बाथरूममध्ये टॉयलेट पेपरच्या गुंडाळीचं टोक दुमडून नीट त्रिकोण केलेला होता. दोन्ही बाजू सारख्या, वर अंगठ्याने दाबून घडी पक्की केलेली. टॉवेलला दोन ठिकाणी विरून भोकं पडली होती, पण ती भोकं आत जातील अशी त्याची घडी घातलेली. हे काम जिने किंवा ज्याने केलं, त्या व्यक्तीच्या हातात ओल थांबवणं नाही, एसी बदलणं नाही, गादी आणणं तर नाहीच. कागदाचं टोक होतं, ते तिने केलं. आपण चिडून रात्री दोन वाजता 'स्वच्छता : एक तारा' असं टिचकावतो, तेव्हा तो तारा बहुधा तिच्याच पदरात पडतो, गालिचा न बदलणाऱ्या मालकाला ताऱ्यांचा हिशेब फारसा लागत नाही. स्वच्छतेचा रकाना मी मोकळा सोडला.

रात्र व्हायची तशी झाली. एसी दर थोड्या वेळाने धाडकन सुरू व्हायचा, खोली गोठवायचा आणि पुन्हा धाडकन बंद पडायचा. भिंत इतकी पातळ, की शेजारच्यांच्या टीव्हीवरचा कार्यक्रम आम्हाला आमच्या टीव्हीपेक्षा स्पष्ट कळत होता. दाराला आतून कडी, साखळी, वर आणखी एक खिट्टी. एवढा बंदोबस्त पाहून उलट भीती वाढते. नवरा घोरत होता. मी जागी.

अशा जागरणाला शास्त्राचा आधार आहे, म्हणून त्यातल्या त्यात बरं वाटतं. ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली नोंदवलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. झोपलेल्यांच्या उजव्या कानाशी, म्हणजे डाव्या मेंदूसाठी, वेगळा आवाज केला की ते लवकर जागे होत. अर्धा मेंदू झोपवायचा आणि अर्धा पहाऱ्यावर, अशी विभागणी व्हेल आणि डॉल्फिन यांच्यात तर कितीतरी ठळक दिसते. त्या रात्री माझा डावा भाग साखळीकडे कान लावून बसला होता आणि उजवा मागच्या खोल्यांशी तुलना करत होता.

झोप येत नसली की माणूस मनातल्या मनात मोटेल बांधतो. खिडकी इथे, पलंग तिथे, रिमोट मोकळा. केमन्स विल्सन नावाच्या अमेरिकन बांधकाम व्यावसायिकाने ते खरंच बांधलं. 1951 मध्ये बायको आणि पाच मुलांना घेऊन तो सहलीला निघाला. वाटेत कोंदट, कळकट खोल्या मिळाल्या, आणि त्यावर कडी म्हणजे प्रत्येक मुलामागे जादा पैसे. तो चिडला. चिडून आपण दोन परिच्छेद लिहितो आणि विसरतो. त्याने 1952 साली मेम्फिस शहरात स्वतःचं मोटेल उघडलं आणि पालकांच्या खोलीत राहणाऱ्या मुलांचं भाडं माफ केलं. त्यातूनच हॉलिडे इन ही साखळी झाली. पाच कंटाळलेली पोरं गाडीत नसती तर त्याने निमूटपणे पैसे भरले असते, असा मला दाट संशय आहे.

आमचा दुसऱ्या रात्रीचाही आगाऊ भरणा झाला होता आणि परतावा मिळत नाही हे आधीच छापलेलं होतं. तरी सकाळी आम्ही बॅगा टबातून काढल्या. काउंटरवरच्या मुलाने किल्ली घेतली, "एक मिनिट थांबा" म्हणाला आणि कुणाला तरी खोलीत टॉवेल मोजायला पाठवलं. टॉवेल पुरे भरले. मग त्याने जरा गोंधळून विचारलं, की आजची रात्र तर तुमचीच आहे, निघालात कसे? त्याच जागी दुसऱ्यांदा झोपलं की मेंदूच्या दोन भागांतला तो फरक दिसत नाही, असं त्याच संशोधकांनी म्हटलंय. ते तिथे पडताळून बघायची माझी तयारी नव्हती, आणि नवऱ्याने तर गाडी सुरूही केली होती.