शिळी व्हायला ठेवलेली भाकरी

मंगळवार, दुपारी

आज सकाळी माझी भाकरी गायीनं खाल्ली आणि मी मोरीत जाऊन रडले. आता लिहिताना हसू येतंय. तेव्हा आलं नाही.

काल रात्री मुद्दाम एक भाकरी जास्तीची टाकली होती. ह्यांना एक, मला अर्धी, एवढाच आमचा हिशोब. उरलेली अर्धी हे झोपायच्या आधी दुधात कुस्करून संपवतात. त्यामुळं या घरात काही शिळं म्हणून होतच नाही. शिळी भाकरी खायची तर आधी ताजी करायची, मग ती शिळी होईपर्यंत राखण करायची. तव्यावर टम्म फुगली, तेव्हा एक तुकडा मोडावा वाटला. मोडला नाही. वाफ जाऊ दिली, धोतराच्या फडक्यात गुंडाळली, टोपल्यात ठेवली, वर ताट. डब्यात ठेवली की घाम सुटतो तिला, चामड्यासारखी होते.

तापातून उठल्यापासून तोंडाला चव नाही. डॉक्टरांनी मऊ खा म्हणून सांगितलं, ते मऊ खाऊन खाऊन जीव विटला. आणि चार दिवसांपासून हे एकच डोक्यात. साठी ओलांडली तरी डोहाळे लागल्यासारखं. सुमीला सांगणार होते, पण तिचा फोन नाही. असो.

भाकरी मालदांडी ज्वारीची हवी. हातानंच चुरायची, मटकीच्या दाण्याएवढी. वर गुळाचा कोरा चहा, उकळता. दूध नाही घालायचं, गुळानं फाटतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून रात्रभर सुकलेला चुरा चहा पिऊन घेतो पण लगदा होत नाही, दाणा न् दाणा सुटा राहतो. ताज्या भाकरीचा नुसता चिखल होतो, करून बघितलंय. मग वरून जवसाची चटणी, लसणाचा हात सैल सोडलेली. चटणी पडली की चहावर तेलाचे बारीक बारीक डोळे येतात. घास आधी गोड लागतो, मागून खारट, आणि गिळल्यावर लसूण वर येतो. चमचा चालत नाही, बोटंच लागतात. शेवटी ताटली तोंडाला लावायची.

हे सगळं मनात मांडून सहाला उठले. टोपल्यावर ताट नीट झाकलेलं, फडकं घडी करून ठेवलेलं. हे फाटकापाशी उभे. गाय शेवटचा तुकडा चावत होती. त्या गायीला रोज कॅरीबॅग चघळताना बघते मी. आज तिला मालदांडीची.

मी काही बोलले नाही. चहा केला, दुधाचा, साखरेचा. तो पण अर्धा टाकला.

मला राग कशाचा आला? भाकरीचा म्हणावं तर आज रात्री दुसरी होईल. गायीचा कसा यावा. ह्यांचा यायला हवा होता, तोही नीट येईना. दुपारपर्यंत पिंकीवरच घसरले मनातल्या मनात. दिवाळीत आली तेव्हा बटाट्याचे वेफर व्हॅनिला आइस्क्रीममध्ये बुडवून खात होती. सगळ्यांनी व्हिडिओ काढले, काय डोकं आहे पोरीचं म्हणून. हे स्वतः आमरसात तिखट शेव घालतात, सगळ्या पाहुण्यांना आग्रह करून खायला लावतात, ती ह्यांची आवड. लग्नात पाकातली जिलबी आणि हिरव्या मिरचीचा मठ्ठा अख्खी पंगत खाते, त्याला कुणी नाव ठेवलेलं ऐकलं नाही. माझ्या ताटलीचा कुणी व्हिडिओ काढणार नाही. माझी भाकरी गायीची.

तीन वाजता

वर एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, गाळली.

काल हे पाणी प्यायला आत आले, परातीत तिसरा उंडा बघितला आणि म्हणाले, "तीन कशाला करायलीस?"

मी म्हणाले, "गायीला."

म्हणजे ह्यांचं काही चुकलं नाही. सांगितलेलं काम केलं माणसानं. तेही न विसरता, जे ह्यांच्या बाबतीत वर्षातून दोनदा होतं.

पण माझ्या तोंडून गाय का निघाली? चाळीस वर्षं झाली लग्नाला. ह्यांच्यापुढं मी वाट्टेल ते बोलले आहे. सासूबाईंच्या आजारपणात जे बोलले, ते तर इथं पण लिहीत नाही. आणि "सकाळी चहात चुरून खायचीय" एवढं म्हणवलं नाही. म्हणताना आपण कुणासारखे दिसू असं वाटलं.

मायसारखे, बहुतेक.

१९७२ च्या दुष्काळात मी तिसरीत होते. माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनला मिलो, म्हणजे बाहेरून आलेली तांबडी ज्वारी. मिलोची भाकरी तांबडी, थापताना कडा फाटायच्या, सकाळपर्यंत खापरी व्हायची. ती दातानं तुटायची नाही म्हणून माय चहात भिजवायची. चटणी त्याच्यावरच पडायची, कारण जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली एकच होती. चहात चटणी कुणी हौसेनं घातली नव्हती. आणि बाहेर कुणाची चाहूल लागली की माय म्हणायची, "झाक गं."

आता घरात ताटल्या दोन डझन आहेत. एकीत चहा, एकीत चटणी, असं वेगवेगळं खाऊन बघितलं मागं एकदा. काही लागत नाही.

झाक गं. कालपण मी झाकलीच की. वर गाय ठेवली.

बरं, आणि गाय तरी किती मोठी गोष्ट आमच्याकडं. तिच्या नावानं भाकरी मागितली की कुणी कारण विचारत नाही. मला हवी तर ताप, चव, डॉक्टर, एवढं सगळं सांगावं लागणार. या घरात आधी गाय, मग मी. ती कॅरीबॅग खाते, मी दुधाचा चहा पिते, दोघींचंही भागतं.

रात्री

आज परातीपाशी बसले तेव्हा हे दारातच घुटमळत होते. तिसरा उंडा केला. विचारतील म्हणून वाट बघितली. विचारलं नाही. मग मीच बोलले, पाठ तशीच ठेवून.

"ही माझी आहे. सकाळी चहात चुरून खाणार आहे. चटणी घालून."

हसले नाहीत. चटणी कसली, एवढंच विचारलं. मी जवसाची म्हणाले. ह्यांनी हूं केलं. थोडा वेळ पिठाच्या डब्याकडं बघत उभे राहिले.

"मग गायीला काय?"

"गायीला काय म्हणजे?"

"आज सकाळी घातली न् आपण. आता उद्या येऊन उभी राहील ती."

म्हणजे एका भाकरीत गायीला सवय लागली आणि ह्यांनाही. मी डबा झटकून पीठ काढलं. पुरेसं नव्हतं, चौथी पुरीपेक्षा जराशीच मोठी झाली. दोन्ही फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवल्यात. मोठी कुणाची आणि लहान कुणाची, ते ह्यांना दोनदा सांगितलं. आता चष्मा लावून परत एकदा दाखवून येते.