छोटी एसयूव्ही घेताना कोणतं व्हेरियंट निवडावं?

टाटा पंच किंवा ह्युंदाई एक्स्टरसारखी चार मीटरच्या आतली गाडी घेताना बहुतेकांची नजर सनरूफवर जाते. मुंबईत आधी मागचा वायपर आणि डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या गरम तारा) बघा. या गाड्यांची मागची काच उभी असते, चाकांनी उडवलेला चिखल थेट तिच्यावर बसतो. बेस व्हेरियंटमध्ये ही जोडी सहसा नसते आणि डिफॉगरच्या तारा काचेतच असल्याने नंतर बसवायचा म्हणजे काचच बदलावी लागते. स्क्रीन, कॅमेरा, सीट कव्हर मात्र बाहेरूनही बसतं; पण वायर कापून जोडणी करू देऊ नका, वॉरंटी अडकते. कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचा प्लग, लावूनच काम करून घ्या.

गिअरचं म्हणाल तर रोज घोडबंदर किंवा सायन-पनवेल रस्त्यावरची कोंडी असेल तर एएमटीचे (क्लच पेडल नसलेल्या, आपोआप बदलणाऱ्या गिअरचे) जास्तीचे पैसे द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त उड्डाणपुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी धरून ठेवू नका. आत क्लचच असतो, तो घासतो आणि जळका वास येतो. ब्रेकच दाबा.

किमतीत पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स धरा. डीलरच्या कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर काढायला लावा.

आणि हो, सोसायटीत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायची यंत्रणा) असेल तर जागेची रुंदी मोजायला बुकिंगआधी टेप घेऊन खाली उतरा. पंचची रुंदी १७४२ मिलिमीटर आहे, तीही आरसे सोडून.