घाटात सापडलेला झटका

हायब्रीड गाडी, म्हणजे इंजिन अन् इलेक्ट्रिक मोटर दोन्ही; ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. काका म्हणाले, "दुसऱ्याचा तिसरा पडताना झटका देतीय, पण तुमच्या गॅरेजला आली की गुमान चालती." त्यांना शेजारी बसवलं, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर मागं पोराच्या हातात दिला अन् दौलताबादचा घाट धरला. गार गिअरबॉक्सवर कधीच निकाल देऊ नये. तेल 80-90 अंशांपर्यंत तापू द्यावं लागतं. चढावर नेमकं तेच घडलं: इंजिनचे फेरे (आरपीएम) नुसतेच वर पळाले, मग धक्का. इंजिन आणि मोटरची अदलाबदल मात्र एकदम मऊ! म्हणजे संशय हायब्रीडच्या बाजूवर नाही, गिअरबॉक्सवर. ही तपासणी न करताच लोक बॅटरीचा खर्च सांगतात, त्याचा फार राग येतो. उद्या आधी तेलाची पातळी, रंग, वास. मग व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग. गिअरबॉक्स बदलायचं आत्ताच बोलू नका, असं काकांना स्पष्ट सांगितलंय.