होंडा सिटी ट्रॅकवर न्यायचीय? आधी ब्रेक ऑइल बदला

ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायच्या दिवसाला, गाडी नेतो म्हटलं की लोकांचे प्रश्न ठरलेले. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) केलंस का, एक्झॉस्ट कुठला टाकला, आवाज कसा येतो. इंजिनला हातच लावलेला नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. माझी चौथ्या जनरेशनची होंडा सिटी, पेट्रोल मॅन्युअल, १४९७ सीसी, ११९ पीएस, आणि बॉनेटखाली सगळं शोरूममधून आलं तसंच. टर्बो नसलेल्या इंजिनला रिमॅप करून असे किती घोडे वाढणार, तेवढ्या पैशात चांगले टायर येतात.

मुख्य अडचण अशी की हीच गाडी सोमवारी ऑफिसला जाते, आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेते, दिवाळीत फराळाचे डबे घेऊन कोल्हापूरला जाते, आणि ट्रॅकवर पण स्वतःच्याच चाकांवर जाते कारण ट्रेलर बिलर आपल्याला परवडत नाही. पुण्यातून मद्रासच्या ट्रॅकला, म्हणजे श्रीपेरंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जायचं तर हायवे एकच, ४८ नंबर, सातारा-कोल्हापूर-हुबळी-बंगळुरू करत ११०० किलोमीटरच्या वर जातं. कोइम्बतूरचा करी स्पीडवे (फॉर्म्युला मारुती बनवणाऱ्या करिवर्धन यांच्या नावाचा) पण काही जवळ नाही. त्यामुळे काहीही बदलायचं तर माझा एकच प्रश्न असतो, हे लावून दुसऱ्या दिवशी घरी येता येईल का?

आता ब्रेक. गाडी आणि ड्रायव्हर मिळून ११५० किलो धरा, १५० च्या स्पीडवरून पूर्ण थांबवली तर जवळपास १० लाख ज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे तीन लिटर पाण्याला उकळी येईल एवढी, आणि ती जाते मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये. ट्रॅकवर पूर्ण थांबत नाही आपण, पण १५० वरून ७५ ला आलात तरी त्यातली पाऊण उष्णता निघालेली असते आणि हे प्रत्येक लॅपला पुन्हा पुन्हा. रस्त्यावर असं कधी होतच नाही म्हणून कंपनीचे ब्रेक रस्त्यावर उत्तम वाटतात. ट्रॅकवर तीन-चार लॅपनंतर ब्रेकचं पेडल खोल जायला आणि मऊ लागायला लागलं तर समजायचं ऑइल उकळलं, आत वाफेचे बुडबुडे झाले. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाहीये, तर डिस्कला दाबणारे ब्रेक पॅड तापून गेलेत. दोन वेगळे आजार आहेत, औषधं पण वेगळी.

ऑइलचं औषध स्वस्त आहे. नवं डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा ग्रेड) न उकळता किमान २०५ डिग्रीला टिकतं, डॉट ४ २३० ला, डॉट ५.१ २६० ला. पण हे ऑइल हवेतली ओल ओढतं, आणि ओल शिरलेल्या डॉट ४ ची हमी १५५ वर येते, म्हणून दोन पावसाळे बघितलेलं ऑइल ट्रॅकवर नेऊच नका, जायच्या आठवड्यात चारही चाकं ब्लीड करून, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढून, नवीन भरा. फक्त डॉट ५ नाही हां, ते सिलिकॉनचं असतं, एबीएसच्या गाडीत चालत नाही.

पॅडचं जरा अवघड. पक्के रेसिंगचे पॅड थंड असताना नीट पकडतच नाहीत, पहाटे खंबाटकीत समोर ट्रक आला की काय करणार? म्हणून मधले घेतले, ट्रॅक आणि रस्ता दोन्हीचे. ते सिग्नलला किंचाळतात. बायकोने स्पष्ट सांगितलंय, आधी हा आवाज बंद कर मग मला घ्यायला ये. मागे ड्रम आहेत ते ड्रमच ठेवले. आमचे मेस्त्री म्हणाले साहेब मागे पण डिस्क टाकून देतो, पण कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकचं आणि एबीएसचं गणित ज्या हिशोबाने बसवलंय ते आपण का बिघडवा. सेशन संपताना शेवटचा लॅप ब्रेक न मारता हळू काढायचा, आणि तापलेले ब्रेक मोकळे राहावेत म्हणून पिटमध्ये हॅंडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाकून चाकाला लाकूड लावायचं.

टायर रस्त्याचेच, फक्त चांगल्या ग्रिपचे. फ्रंट व्हील ड्राइव्ह असल्याने कॉर्नरमध्ये पुढचा बाहेरचा टायर सगळा भार घेतो आणि त्याचा खांदा, म्हणजे बाहेरची कड, खरवडून निघतो, त्यासाठी पुढे कॅम्बर बोल्ट टाकून थोडा निगेटिव्ह कॅम्बर घेतला, म्हणजे चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकवली. गाडी वळायला लागली म्हणजे काय ते तेव्हा कळलं, इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. हवा थंड असताना थोडी कमी ठेवायची कारण गरम झाल्यावर ती चार-सहा पीएसआय वाढते. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारून ठेवा, रेघ कुठपर्यंत पुसली बघून हवा कमी-जास्त करता येते, गेजपेक्षा मला हे जास्त पटतं. आणि निघताना हवा परत नॉर्मल करा. चाकाचे नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) १०८ न्यूटन मीटरला, प्रत्येक सेशननंतर. स्टेपनी, जॅक, मॅट सगळं पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या लावायची जागा) काढून ठेवायचं, पण घरून निघताना स्टेपनी काढणारे पण बघितलेत, त्यांना माझा नमस्कार.

रोल केज, म्हणजे गाडीच्या आतला लोखंडी पाइपांचा सांगाडा, नाही टाकली, टाकणारही नाही. रस्त्यावर आपण हेल्मेट घालून बसत नाही, डोक्याशेजारी लोखंडी पाइप असेल तर साध्या अपघातात पण डोकं त्याच्यावर.

कागदांचं पण बोलू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून फेरफार चालत नाही, आणि आता प्रत्येक फेरफाराला ५००० रुपये दंड आहे, त्यामुळे मोठी कापाकापी करण्याआधी आरटीओत विचारा. इन्शुरन्सची पॉलिसी काढून वाचा एकदा, वापराच्या अटींमध्ये रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. आमची रेस नव्हती हो, नुसता ट्रॅक डे होता, हे सांगून क्लेम मिळेल या भरवशावर जाऊ नका. भिंतीला लावली तर खर्च आपला. बँकेचं लोन चालू असताना गाडी ट्रॅकवर नेणाऱ्यांची मला कमाल वाटते, मी तर शेवटचा हप्ता गेल्याशिवाय फॉर्मच भरला नव्हता.