तुर्की तरुणीचा हिरवा झगा

सोफ्यावर बसून कॉफी पिणारी तुर्की तरुणी. मूळ चित्र ज्यां-बातिस्त व्हानमूरचं. त्यावरून छपाईसाठी तांब्याचा पत्रा कोरून १७१४ साली पॅरिसमध्ये १०० चित्रांच्या संग्रहात ते छापलं गेलं. दुरुस्तीसाठी आमच्याकडे आलेल्या प्रतीत तिचा झगा गडद हिरवा रंगवला होता. कागद उलटा केला, तर तोच झगा पाठीवर तपकिरी उमटलेला, बाह्यांच्या चुण्यांसकट!

मागणी होती, धुऊन डाग काढा. आम्ही नकार दिला. हा हिरवा म्हणजे जंगाल, तांब्याचा क्षार. तांब्यामुळे कागदातला सेल्युलोज हळूहळू जळतो; कागद आधी तपकिरी होतो, मग ठिसूळ. पाणी लागलं की तांबं विरघळून शेजारच्या कोऱ्या भागात शिरतं. पुरावा समोरच होता: फाटलेल्या जागी कुणीतरी पूर्वी पातळ खळीनं पट्टी चिकटवली होती आणि तिच्याभोवती बोटभर तपकिरी कड धरली होती.

अतिनील दिव्याखाली झगा काळाभोर दिसला, जंगाल तसंच दिसतं. भिंगाखाली तडे सापडले ते नेमके चुण्यांत, रंगाचा दुसरा हात बसलेल्या जागी.

जुनी पट्टी कोरडीच, स्काल्पेलनं सोलली. खळीचा शेवटचा पापुद्रा राहू दिला; खरवडला असता तर कागदाचे तंतूच निघाले असते. तड्यांसाठी चौरस मीटरला ५ ग्रॅम वजनाचा जपानी कागद घेतला. त्यावर ३ टक्के जिलेटिन लावून वाळवायचं, बारीक पट्ट्या कापायच्या, दमट स्पंजावर क्षणभर टेकवून लगेच तड्यावर ठेवायच्या आणि टिपकागदाखाली दाबायच्या. ओल इतकी कमी राहते की तांबं हलत नाही. ओली खळ इथे नकोच.

नोंदीत एक गोष्ट आग्रहानं लिहिली. व्हानमूर १६९९ मध्ये फ्रेंच राजदूत फेरिओलबरोबर इस्तंबूलला गेला आणि १७३७ मध्ये तिथेच वारला. शहर त्याच्या ओळखीचं, पण जनानखान्यात परक्या पुरुषाला मज्जाव. त्यात रंग छपाईनंतर हातानं भरलेला. म्हणून या हिरव्यावरून तुर्की पोशाखाविषयी काहीही ठरवू नये. रेषा व्हानमूरच्या चित्रावरून आली, रंग तिसऱ्याच हाताचा.

प्रत आता आम्लविरहित पाकिटात, ५० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत एकटी ठेवली आहे. दुसरं चित्र वर ठेवायचं नाही, जंगाल समोरच्या कागदालाही डागतं. असा संग्रह बांधीव असेल तर हिरव्या रंगाच्या पानाआधी त्याच्या समोरचं पान तपासावं.